ऑटोजायरो: रोटरनं वेग पकडल्याबिगर थ्रॉटल देऊ नका भौ

रिमोटवरचं ऑटोजायरोचं मॉडेल उडवताना पहिल्या दिवशी बहुतेकांचं एकच होते, फुल थ्रॉटल (मोटरचा जोर) दिला की मशीन एका अंगाले लवंडते न पाती मातीत. माझंही तसंच झालं, सोयाबीन काढलेल्या वावरात, दोन्ही पाती तुटली आणि धुऱ्यावर बसलेले पोट्टे हासून हासून लोळले.

याच्या वरच्या रोटरले (डोक्यावरच्या फिरत्या पात्यांले) मोटर नसते, मोटर फक्त समोरच्या पंख्याले, रोटर वाऱ्यानंच फिरते. तो हळू असला तर वाऱ्याच्या सामोर जाणाऱ्या पात्याले जास्त लिफ्ट (वर उचलणारा जोर) भेटते, मागं सरकणाऱ्याले कमी, न मशीन त्या कमीवाल्या बाजूले झोपते. ऑटोजायरो बनवणाऱ्या स्पेनच्या सिएर्व्हाची पहिली मशीनही अशीच आडवी झाली होती, मग त्यानं पात्यांले बिजागरी लावली तेव्हा कुठं १९२३ मध्ये त्याचं सी-४ मशीन नीट उडलं.

घरीच दोन्ही पाती तोलून घ्या, हलक्याले टेप चिटकवा. मशीन रोटरच्या हेडले (पाती जोडलेल्या मधल्या भागाले) धरून लटकवा, नाक जरासं खाली झुकलं पाहिजे.

वावर सकाळचं निवडा, एकसारखा वारा असते. उन्हाळ्यात दुपारी वावटळ सुटते, तेव्हा नकोच. पऱ्हाटीचे खुट असलेलं वावरही नको.

आता खरं काम. वाऱ्याकडं तोंड करून मशीन हातात धरा, नाक वर करा म्हणजे वारा रोटरच्या खालून घुसते, मग फिरायच्या दिशेनं पात्याले हातानं एक हलका झटका द्या न थांबा. पहिले पाती मोजता येतात, मग पुसट होतात, मग नुसती चकती दिसते आणि फडफड जाऊन एकसारखी घूं घूं येते. तोपर्यंत घाई नाही, दोन मिनिटं लागली तरी लागू द्या. मग खाली ठेवून स्टिक (रिमोटची दांडी) पूर्ण मागं न थ्रॉटल हळूहळू, पळता पळता रोटर अजून जोर धरते, चाकं आपसूक उचलली की स्टिक थोडी ढिली करा. थोडं जरी लवंडल्यासारखं वाटलं की थ्रॉटल बंद, सावरत बसू नका.

हवेत स्टिक झटक्यानं पुढं ढकलायची नाही, रोटरवरचा भार गेला की फेरे कमी होतात. मोटर बंद पडली तरी घाबरू नका, नाक थोडं खाली ठेवून वाऱ्याकडं आणा, रोटर फिरतच रायते. फक्त उतार विमानापेक्षा खडा असते, म्हणून जमिनीजवळ स्टिक मागं ओढायले जागा ठेवा.

टेकल्यावर स्टिक पुढं करा, रोटर थांबू द्या, मगच हात लावा. फोटो नंतर.