रिकर्व्ह सोडून आखूड धनुष्य घेताय? या चुका टाळा

४८ ते ५४ इंची हॉर्सबो (घोडेस्वाराचं आखूड धनुष्य) घोड्यावरून त्याच्या मानेच्या या बाजूचा त्या बाजूला झटकन नेता येतो, दाट झाडीतही अडकत नाही. पण तो वजनाला हलका असतो. रिकर्व्हचं (ऑलिम्पिकमध्ये दिसतं त्या धनुष्याचं) जड रायझर, म्हणजे मधला मुठीचा भाग, मनगटाच्या ज्या चुका पोटात घालतं, त्या इथे थेट बाणात उतरतात. आखूड धनुष्य लांब पल्ल्याला चालत नाही, हा समज मात्र सोडा. कोरियात गाकगुंग या पारंपरिक आखूड धनुष्याने १४५ मीटरवरचं लक्ष्य वेधतात.

पहिली तक्रार बोटांची. धनुष्य आखूड, म्हणून पूर्ण ओढीला दोरीचा कोन अरुंद होतो. तीन बोटांनी ओढलं की नॉक (बाणाचं दोरीत बसणारं मागचं टोक) बोटांत चेपला जातो आणि बाण हातावरून उचलला जातो. तिन्ही बोटं नॉकखाली घेतली तर थोडा फरक पडतो, पण खरा उपाय अंगठ्याची ओढ. अंगठा दोरीभोवती, त्याच्या नखावर तर्जनी, आणि अंगठ्याला थंब रिंग (दोरीपासून वाचवणारी अंगठी) किंवा चामड्याची पट्टी. इथे बरेच जण जुन्या सवयीने बाण डावीकडेच ठेवतात. उजव्या हाताने ओढत असाल तर बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला हवा. तरच तर्जनीचा दाब बाणाला धनुष्याशी टेकवून ठेवतो. डावीकडे तोच दाब बाण ढकलून देतो.

ओढ शेवटी एकदम जड होते का? लगेज स्केलचा हुक दोरीत अडकवा आणि २४ इंच ओढीपासून दर इंचाला वजन लिहा. दर इंचाला २-३ पौंड वाढ ठीक. शेवटच्या इंचाला ५ पौंड वाढले, तर तुमच्या ओढीची लांबी त्या धनुष्याला जास्त आहे. बनवणाऱ्याने दिलेली कमाल ओढ ओलांडू नका, लिंब (धनुष्याचे वाकणारे दोन हात) तुटतात.

बाण सतत एकाच बाजूला जातो? अशा धनुष्याला मध्यापर्यंत खाच नसते, बाणाला मुठीला वळसा घालून जावं लागतं. अंगठ्याच्या ओढीत उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण उजवीकडे गेला तर स्पाइन (बाणाच्या दांड्याचा ताठपणा) बहुधा ताठ, डावीकडे गेला तर मऊ. आधी पकड दरवेळी सारखी आहे ना, ते पाहा. बाणाच्या वजनातही कंजुषी नको: ४० पौंडांच्या धनुष्याला बाण किमान ३२० ग्रेन, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम. त्याहून हलका बाण लिंबांना मारक.

प्लास्टिकची पिसं मुठीला आपटतात, म्हणून खरीच पिसं लावा. त्यांचं पुढचं टोक दोऱ्याने गुंडाळून वर गोंद द्या, नाहीतर ते हात कापतं.

दोरी मनगटावर बसत असेल तर ब्रेस हाइट, म्हणजे न ओढलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर, मोजा. हॉर्सबोला ती बहुधा ६-७ इंच असते. कमी भरली तर दोरीला पीळ वाढवा.

कोकणातल्या पावसाळ्यात शिंग आणि स्नायूंचं अस्सल कॉम्पोझिट धनुष्य घेऊ नका. त्याचा माशाच्या पोटल्यांचा गोंद दमट हवेत सैल पडतो. फायबरग्लासचं घ्या.