मुंबईत राहून गावची भातशेती करताय? मग या चुका टाळा

पहिला युरिया, कारण दरवर्षी तेच बघून डोकं फिरतं. युरियाची ४५ किलोची गोण २६६ रुपयांच्या आसपास, डीएपी, म्हणजे नत्र-स्फुरदाचं खत, त्याची ५० किलोची १३५०. २०१० ला सरकारने बाकीच्या खतांचे भाव कंपन्यांवर सोडले पण युरियाचा स्वतःकडेच ठेवला, मग लोक टाकणार काय, स्वस्त तेच ना. ऑफिसातला एकजण, शहापूरकडे वडिलोपार्जित खाचरं, दर शनिवारी कसारा लोकल पकडून जायचा आणि भात जरा पिवळट दिसलं की फेक युरिया. शेजारचे काका सांगून थकले, "बस कर रे, माजलंय ते." हा ग्रुपवर हिरव्यागार शेताचे फोटो टाकतोय! मग आधी करपा रोग, मागोमाग तुडतुडे किडे, आणि परतीच्या पावसात अख्खं शेत आडवं, लोंब्या चिखलात. तरी म्हणतो बियाणं खराब होतं.

मी युरिया फेकत नाही. चारसूत्री म्हणजे भात लागवडीची चार नियमांची पद्धत, तिच्यातल्या युरिया-डीएपीच्या गोळ्या, चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध एक, चिखलात खोल खुपसायची, म्हणजे नत्र पाण्याबरोबर वाहून जात नाही. चिखलणीच्या आधी गिरिपुष्पाच्या झाडाचा पाला, हिरवळीचं खत म्हणून. कंबर मोडते हे खरंय, पण ज्यांना दुपारची गाडी गाठायची घाई त्यांनी शेती कशाला करावी मला कळत नाही.

माती परीक्षण करून घ्या. त्यावर वाद नको.

दुसरं म्हणजे हमीभाव, सरकार जाहीर करतं तो किमान खरेदीचा भाव. २०२५-२६ ला नाचणी ४८८६, साधं भात २३६९ क्विंटलला. आकडा बघून लोक खाचरात नाचणी लावायला निघाले, अरे ती वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीची, पाणी साचलं की बसली! आणि भाव जाहीर झाला म्हणजे माल विकला गेला असं नसतं, आपल्या भागातल्या सरकारी खरेदी केंद्रावर ते धान्य घेतात का हे पेरणीआधी विचारायचं. पंजाबात बघा, हमीभावाने सरकार खरंच उचलतं ते मुख्यतः गहू आणि भात, वर वीज फुकट, म्हणून सगळे भातामागे लागले आणि बोअरचं पाणी खोल खोल गेलं. ते वाचवायला २००९ ला लावणी उशिरा करायचा कायदा केला, तर कापणी लांबली, गव्हाला वेळ उरेना आणि पेंढा जाळणं वाढलं.

केंद्रावर भात न्यायचं तर ओल १७ टक्क्यांच्या आत हवी, नीट वाळवा. सातबाऱ्यावर पिकाची नोंदही लागते आणि ती ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवरची पिकाची नोंद, शेतात उभं राहून करायची असते, अंधेरीतून होत नाही.