वर्धापन पदकं आणि बाकीची मेडल्स छातीवर नीट कशी लावायची

15 ऑगस्ट, 26 जानेवारी किंवा 16 डिसेंबरचा विजय दिवस जवळ आला की फौजींच्या घराघरात पेटी उघडली जाते, मेडल्स बाहेर येतात आणि मग प्रश्न सुरू होतात, कुठलं आधी, कुठलं नंतर, हे पन्नास वर्षांचं घालायचं का, आजोबांचं मी लावलं तर चालेल का. म्हणून जे नक्की माहीत आहे ते सगळं एका ठिकाणी लिहितोय.

आधी वर्धापन पदकं म्हणजे काय ते बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ त्यांचाच. ही शौर्याची पदकं नाहीत आणि युद्धाचीही नाहीत. देशाच्या एखाद्या मोठ्या दिवशी तुम्ही सेवेत होतात एवढीच त्याची अट. 25 व्या स्वातंत्र्य वर्धापनाचं पदक 15 ऑगस्ट 1972 ला जे सेवेत होते त्यांना, 50 व्याचं 15 ऑगस्ट 1997 ला आणि 75 व्याचं 15 ऑगस्ट 2022 ला सेवेत होते त्यांना. 1947 चं स्वातंत्र्य पदक या सगळ्यांच्या आधीचं, त्याची रिबन केशरी पांढरी हिरवी, आणि मेडलवर अशोकचक्राच्या वर ब्रिटिश मुकुट दिसतो, कारण 26 जानेवारी 1950 पर्यंत आपण कागदोपत्री डोमिनियन, म्हणजे ब्रिटिश राजाला प्रमुख मानणारा स्वशासित देश होतो. कुणाच्या घरात ते असेल तर जपा बाबांनो, असा इतिहास हातात धरायला मिळत नाही रोज.

आता तारखेची अट पक्की आहे हे लक्षात ठेवा. जुलै 1997 मध्ये पेन्शन आली असेल तर 50 व्याचं पदक तुमचं नाही, मग तुम्ही 28 वर्षं नोकरी केलेली असो. ऐकायला वाईट वाटतं पण नियम तोच आहे, आणि बाजारात विकत मिळतं म्हणून घेऊन लावायचं तर अजिबात नाही. पहिलं काम म्हणजे डिस्चार्ज बुक (रिटायर होताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) काढा आणि त्यात मेडल्सची नोंद बघा. जे नोंदीत आहे ते लावायचं, नाही ते नाही. एखादं मिळायला हवं होतं पण मिळालंच नाही असं वाटत असेल तर आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगावला आहे, आणि अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथली माणसं यासाठीच बसलेली असतात.

बरं आता क्रम. सगळी मेडल्स डाव्या छातीवर आणि सगळ्यात मानाचं मेडल छातीच्या मध्याकडे, म्हणजे बटनांच्या पट्टीकडे. तिथून खांद्याकडे मान उतरत जातो. टेबलावर समोर मांडताना आपण जसं वाचतो तसं डावीकडून उजवीकडे मांडा, समोरच्याला तसंच दिसणार आहे. फक्त एक करा, लावून झाल्यावर आरशात बघून खात्री करू नका, आरशात सगळं उलटं दिसतं आणि बरोबर लावलेलं माणूस काढून चुकीचं लावतो. घरातल्या कुणाला तरी समोर उभं करा.

मानाचा क्रम ढोबळमानाने असा जातो, आधी शौर्य आणि विशिष्ट सेवेची, म्हणजे परमवीर, अशोक, महावीर, कीर्ती, वीर, शौर्य चक्र, सेना मेडल, विशिष्ट सेवा मेडल वगैरे. मग युद्धाची आणि मोहिमेची. त्यात स्टार आधी आणि मेडल नंतर, उदाहरणार्थ 1971 चं ‘पूर्वी स्टार’ (पूर्व आघाडीचं) किंवा पश्चिमी स्टार आधी, संग्राम मेडल नंतर. कारगिलचं ऑपरेशन विजय स्टार आधी, ऑपरेशन विजय मेडल नंतर. मग सैन्य सेवा मेडल, उंचावरच्या पोस्टिंगचं हाय अल्टिट्यूड मेडल, विदेश सेवा. त्यानंतर कुठे आपली वर्धापन पदकं येतात, त्यांच्यात 75, मग 50, मग 25, म्हणजे मोठा आकडा आधी. आणि त्यांच्याही नंतर दीर्घ सेवेची, 30 वर्षं, 20 वर्षं, 9 वर्षं. संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर गेला असाल तर ते मेडल सगळ्यात शेवटी, कारण ते बाहेरचं आहे.

इथेच लोक चुकतात. 20 वर्षांची नोकरी म्हणजे मोठी गोष्ट आहे त्यामुळे ते मेडल आधी आणि वर्धापनाचं नंतर असं वाटतं, पण अधिकृत क्रमात उलटं आहे. वर्धापन पदक राष्ट्राच्या दिवसाचं आहे, म्हणून ते पुढे, असं मी तरी समजून घेतो.

एक उदाहरण घेऊ म्हणजे डोक्यात बसेल. समजा एक सुभेदारसाहेब 1968 ला भरती झाले, 1971 ला पश्चिम सीमेवर लढले, पुढे काश्मीरमध्ये पोस्टिंग झाली, 1996 ला रिटायर झाले. त्यांच्या छातीवर काय येईल, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, जम्मू काश्मीर क्लॅस्पसकट (क्लॅस्प काय ते पुढे सांगतो) सैन्य सेवा मेडल, 25 व्या वर्धापनाचं, 20 वर्षांचं, 9 वर्षांचं. झाली सहा. 50 व्याचं नाही, कारण 1997 ला ते घरी होते. 20 चं मिळालं म्हणून 9 चं काढायचं नाही, दोन्ही राहतात. या सहा रिबन कुणी जाणकाराने नुसत्या पाहिल्या तरी साहेबांची अख्खी नोकरी त्याला वाचता येते, म्हणून तर क्रमाला एवढं महत्त्व. एक इकडची तिकडे झाली की गोष्टच बदलते.

क्लॅस्प म्हणजे रिबनवर बसवलेली धातूची छोटी पट्टी, ज्यावर भागाचं नाव असतं. पूर्ण मेडल घालता तेव्हा ती दिसते, नुसती रिबन लावता तेव्हा नाही लावत. पण मेन्शन इन डिस्पॅचेस, म्हणजे लढाईच्या अधिकृत अहवालात नाव घेऊन केलेला गौरव, मिळालं असेल तर छोटं कमळाचं पान रिबनवर राहतं, ते काढू नका, ते मोठ्या मानाचं आहे. शौर्यपदक दुसऱ्यांदा मिळालं तर त्याची खूणही रिबनवर येते. परमवीर चक्राच्या मेडलवर इंद्राची चार वज्रं आहेत, ते डिझाइन सावित्री खानोलकर यांचं, आणि ते पुन्हा मिळालं तर नुसत्या रिबनवर त्याच वज्राची छोटी प्रतिकृती बसते.

कधी काय घालायचं, तर सेरेमोनियल ड्रेसवर पूर्ण मेडल्स, रोजच्या वर्दीवर फक्त रिबन, डाव्या खिशाच्या वर, आणि मेस ड्रेसवर (मेसमधल्या औपचारिक जेवणाच्या पोशाखावर) मिनिएचर, जी साधारण अर्ध्या आकाराची असतात. लढाईच्या कपड्यांवर मेडल्स नाहीत. पूर्ण आणि मिनिएचर एकत्र कधीच नाही. बारवर, म्हणजे मेडल्स ज्या पट्टीला लावतात तिच्यावर, मेडल्स जास्त झाली की एकावर एक सरकवतात, पण मध्याकडचं म्हणजे सगळ्यात मानाचं पूर्ण उघडं दिसलं पाहिजे. रिबनच्या ओळी जास्त असतील तर सगळ्यात मानाची वरच्या ओळीत.

रिटायर झालेल्यांनी ब्लेझरवर किंवा जॅकेटवर डाव्या बाजूला स्वतःची मेडल्स राष्ट्रीय सणांना, स्मारकावर, माजी सैनिकांच्या कार्यक्रमांना लावावीत, अभिमानाने लावावीत. आणि घरच्यांसाठी, म्हणजे वीरनारी, वीरमाता, वीरपिता, मुलं, त्यांनी युद्धस्मारकावर श्रद्धांजलीला किंवा अंत्यविधीला जाताना ती उजव्या छातीवर लावायची. उजवी बाजू बघूनच समोरच्याला कळतं की हे कुणाच्या तरी वतीने आहे, त्यावर कुणी विचारत नाही, सरळ सॅल्यूट करतात. स्वतःही फौजी असाल तर स्वतःची डावीकडे, वडिलांची उजवीकडे, दोन पिढ्यांची मेडल्स एका बारवर मिसळू नका.

युनिटच्या रेझिंग डे ची (स्थापना दिनाची) पदकं, ज्युबिलीचे कॉइन, मॅरेथॉनची मेडल्स, संघटनांनी दिलेली सन्मानचिन्हं, ही वर्दीवर किंवा मेडल बारवर चालत नाहीत. कितीही सुंदर असली तरी शोकेसमध्ये. आणि सैनिक नसताना सैनिक असल्याचं भासवण्यासाठी वर्दी किंवा तसं चिन्ह घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोरांना लाडाने काही घालताना हे मोठ्यांच्या तरी लक्षात असू दे.

शेवटचं पण फार कामाचं, मेडलची कड. जाडीवर बारीक अक्षरात नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं. पॉलिश लावून घासलं की पहिल्यांदा तीच अक्षरं पुसट होतात आणि मग ते मेडल कुणाचं हे सांगायला काही उरत नाही. चमक आणायची घाई नको, मऊ कोरड्या कापडाने पुसा, पेटीत सुकं ठेवा, घामाची रिबन तशीच बंद करू नका. रिबन विटली असेल तर त्याच रुंदीची, बहुतेकांची 32 मिलिमीटर असते, नवी घ्या आणि रंगांची दिशा जुनीशी जुळवूनच शिवा, काही रिबनच्या दोन्ही कडा सारख्या रंगाच्या नसतात त्यामुळे उलटी लागली तर लगेच दिसतं. शौर्यपदक असेल तर कार्यक्रमाला त्याची प्रतिकृती घाला, मूळ बँकेच्या लॉकरमध्ये. आणि ठेवण्याआधी कडेच्या अक्षरांचा जवळून फोटो काढून घरातल्या दोघातिघांना पाठवून ठेवा.