घोडी गाभण राहत नाही? वांझ म्हणायच्या आधी एवढं करा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणायची, जानेवारीत घोड्याकडे न्यायची आणि दोनदा उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, की वांझ म्हणून विकून टाकायची, हे इतक्यांदा बघितलंय की आता राग येतो. घोडीचा माज, म्हणजे घोडा घ्यायचा काळ, उजेडावर चालतो, हिवाळ्यात दिवस लहान म्हणून बऱ्याच घोड्यांचा माज बंद तरी असतो नाहीतर कसाही येतो-जातो, त्यात तिचा काय दोष?

म्हणून पहिलं काम म्हणजे थांबा. दिवस मोठा होत जातो तसा माज नीट यायला लागतो. लवकरच हवं असेल तर तबेल्यात संध्याकाळी बल्ब लावून दिवस धरून 16 तास उजेड द्यायचा, पण हे साधारण 2 महिने चालू ठेवावं लागतं, आठवड्यात काही होत नाही.

तोवर अंग बघा. फासळ्या दिसायला नकोत पण हात फिरवला की लागायला हव्यात, रोड असेल तर खुराक हळूहळू वाढवा. वय 15 च्या पुढे असेल किंवा आधी गाभडली असेल तर डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या.

आता माज ओळखणं, सगळ्यात जास्त इथेच चुकतं. रोज सकाळी मधे मजबूत फळी ठेवून घोडा दाखवा. माज नसेल तर घोडी कान मागे पाडते, किंचाळते, लाथा झाडते. माजावर असेल तर शेपटी बाजूला करून पाय फाकवून उभी राहते, थोडं थोडं मुतते, योनीची उघडझाप करते. तो दिवस वहीत लिहा. माज 5 ते 7 दिवस राहतो आणि बीज सुटतं ते माज संपायच्या 1-2 दिवस आधी, मग पहिल्याच दिवशी भरवून, म्हणजे घोडा लावून, घरी आणली तर हुकणारच ना! तिसऱ्या दिवसापासून दिवसाआड भरवा, माज जाईपर्यंत.

घोड्याचीही चौकशी करा. त्याला मोठा ताप येऊन गेला असेल तर नवीन वीर्य तयार व्हायला जवळपास 2 महिने लागतात.

शेवटचं भरवल्यापासून 14 ते 16 व्या दिवशी सोनोग्राफी कराच. जुळं घोडीला सहसा पेलत नाही, पण तेव्हा कळलं तर डॉक्टर एक काढून दुसरं वाचवू शकतात.

11 महिन्यांनी व्याली की 7-10 दिवसांत परत माज येतो. वार 3 तासांत पडली नसेल, तर डॉक्टरांना लगेच बोलवा आणि तो माज सोडून द्या, पुढचा धरा.