चित्रं समोर ठेवली आणि गट बोलता झाला

आमच्या बचत गटात कर्जाचा विषय निघाला की ठरावीक दोघी-तिघीच बोलायच्या, बाकीच्या नुसत्या माना डोलवायच्या. मग जुन्या कॅलेंडरांतली चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली, सतरंजीवर पसरली. (फोटोंची अशी पद्धत फ्रान्समध्ये १९६० च्या दशकापासून आहे.) प्रश्न एकच: कर्ज म्हटलं की काय वाटतं? आधी मुकाट्याने कार्ड निवडायचं, मगच बोलायचं. हा क्रम पाळलाच पाहिजे, नाहीतर पहिलीचं ऐकून सगळ्या तिचीच री ओढतात.

एका वहिनींनी कुलूप लावलेल्या कपाटाचं चित्र उचललं. "किल्ली माझ्याच कमरेला, पण उघडायच्या आधी घरात विचारावं लागतं. हे आज पहिल्यांदाच बोलले मी." मध्ये कुणालाही बोलू देऊ नका, चित्राचा अर्थ निवडणारीनेच सांगायचा. अशा सगळ्याच बोलत्या झाल्या आणि त्याच बैठकीत गटाने कर्जाच्या हप्त्याची तारीख बदलली. कार्डं मात्र माणसांच्या दुप्पट तरी ठेवा.