शेततळ्याचा सांडवा कसा काढावा

मराठवाड्यात तळं भरतं ते बहुतेक सप्टेंबरपर्यंत, आणि मग परतीचा पाऊस येतो. जमीन आधीच तुडुंब प्यालेली असते, पडेल ते सगळं पाणी वाहत तळ्याकडे धावतं. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर काढायची ठरवलेली वाट, नसेल तर ते तळ्याभोवतीच्या मातीच्या भरावाच्या सगळ्यात खचलेल्या जागेवरून उलटतं. आधी बोटभर धार, मग ओघळ, मग खिंडार. वर्षभर जपलेलं पाणी असं डोळ्यांदेखत जाताना बघवत नाही.

म्हणून खोदकाम करतानाच, एप्रिल-मेमध्ये सांडवा काढून घ्या.

जागा. भरावावर सांडवा कधीही काढू नका. टाकलेली माती कितीही दाबली तरी वाहत्या पाण्यापुढे टिकत नाही. भराव जिथे संपतो आणि मूळची न हललेली जमीन लागते, तिथे काढा. मुरूम लागला तर उत्तमच. तिथून निघालेलं पाणी ओढ्यापर्यंत कुठून जाईल तेही पायी फिरून बघा. शेजाऱ्याच्या बांधावर पाणी सोडाल तर भांडण ठरलेलंच.

रुंदी. हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. समजा तुमच्या तळ्याकडे २ हेक्टर रानाचं पाणी येतं आणि तासात ६० मिमी पाऊस झाला, तर पडलं १२ लाख लिटर. त्यातलं ४० टक्के वाहून आलं तर सेकंदाला साधारण १३३ लिटर. सपाट तळाच्या १ मीटर रुंद सांडव्यावरून २० सेंमी उंचीचं पाणी वाहिलं तर जेमतेम तेवढंच निघतं, आणि गवत-दगड असले की त्याहून कमी. तेव्हा इथे मी २ मीटर रुंदी धरेन. जास्त पाणी काढायचं तर सांडवा रुंद करा, खोल नव्हे. खोल धार जमीन कापते.

बरेच जण भरावात सहा इंची पाइप घालून मोकळे होतात. त्यातून सेकंदाला वीस-पंचवीस लिटर निघतात, आणि तुराट्या अडकल्या की तेही नाही. शिवाय पाइपाच्या कडेने पाणी झिरपून भराव आतून पोखरतो.

पातळी. सांडव्याचा तळ भरावाच्या माथ्यापेक्षा ६० सेंमी खाली हवा. भराव पहिल्या पावसाळ्यात बसतो, म्हणून तो दहा टक्के जादा उंच टाका. पातळी नजरेने ठरवू नका. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरेशी आहे. तळ आडवा अगदी समपातळीत हवा, नाहीतर सगळं पाणी एका कडेला गोळा होऊन तिथेच चर पाडतं.

बांधणी. तोंडाशी आडवा चर खणून काँक्रीटची पट्टी जमिनीत किमान ३० सेंमी उतरवा. त्यामुळे ठरवलेली पातळी झिजत नाही. पुढे मुरमाचा थर ओला करून धुम्मसाने ठोका, त्यावर मोठे दगड उभे रोवा आणि फटींत चिपा घट्ट बसवा. मुरूम न घालता दगड मातीवरच रचले तर फटींतून माती निघून जाते आणि दगड खचतात.

शेपूट. सांडवा तुटायला सुरुवात खालून होते. पाणी जिथे उंचावरून पडतं तिथे खड्डा पडतो, आणि तो खड्डा कडा ढासळवत मागे मागे तळ्यापर्यंत खात येतो. म्हणून उतार सौम्य ठेवा आणि शेवटी मोठ्या दगडांचा जाड थर अंथरा. त्यापुढच्या चारीत पहिल्या पावसाबरोबर हरळी लावा.

मासे सोडले असतील तर जाळी लागतेच, पण ती सांडव्याच्या तोंडावर ताणून बांधू नका. थोडी आत, अर्धवर्तुळात लावा, म्हणजे कचरा अडकला तरी पाण्याला वाट राहते.

मोठ्या पावसानंतर भरावावरून एक चक्कर मारा. खेकड्यांची, उंदरांची बिळं ठोकून बुजवा. आणि आणखी फूटभर पाणी साठावं म्हणून कुणी सांडव्यात मातीची पोती टाकली असतील, तर ती त्याच दिवशी काढा.