हौशी बोटीवरचं रडार : या चुका टाळा

समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या सोलास या आंतरराष्ट्रीय करारानुसार ९ गिगाहर्ट्झचं रडार सक्तीचं आहे ते ३०० टन आणि त्यावरच्या जहाजांना आणि प्रवासी जहाजांना. आठ-दहा मीटरच्या हौशी बोटीवर रडार बसवायचं की नाही, हे मालकाने ठरवायचं. त्यामुळे अनेकांचा समज होतो की बसवलं तरी ते वापरणं-न वापरणं आपल्या मर्जीवर आहे. तसं नाही. समुद्रात टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे कोलरेग्ज, बोटीच्या आकाराकडे पाहत नाहीत. नियम ७ सांगतो की रडार बसवलेलं आणि चालू स्थितीत असेल तर त्याचा योग्य वापर केलाच पाहिजे. लांब पल्ल्यावर पाहणंही त्यात आलं आणि दिसलेल्या वस्तूचा सलग मागोवा घेणंही. सुरक्षित वेग किती, हे ठरवताना रडारच्या मर्यादा धरायच्या, असं नियम ६ सांगतो. धुक्यात टक्कर झाली आणि रडार स्टँडबायवर (सुरू, पण प्रक्षेपण बंद) होतं, तर त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

खरेदीतली चूक : शिक्का न पाहता घेणं

हौशी बोटींच्या रडारवर युरोपात सीई खूण असते, अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकाचा क्रमांक. जहाजाच्या सुकाणूच्या चाकासारखी दिसणारी खूण वेगळी. ती सोलास जहाजांसाठी मान्य केलेल्या उपकरणांवर असते. आज हौशी असलेली बोट उद्या भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नोंदवायची असेल, तर सर्व्हेअर (बोट तपासणारा अधिकारी) कोणती खूण मागणार हे खरेदीच्या आधीच विचारा. डोम (रडारची अँटेना आत असलेलं गोल कवच) बसवल्यावर, भोकं पाडल्यावर, विचारण्यात अर्थ नाही.

रडार हा ट्रान्समीटर आहे, म्हणून रेडिओ परवान्याचा प्रश्न येतोच. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या दूरसंचार नियामकाच्या शिप रेडिओ परवान्यात व्हीएचएफबरोबर (बोलण्याच्या रेडिओबरोबर) रडारही नोंदवावं लागतं. अमेरिकेत देशांतर्गत पाण्यात फिरणाऱ्या हौशी बोटीला व्हीएचएफ, रडार आणि ईपर्बसाठी (संकटात उपग्रहाला इशारा देणाऱ्या उपकरणासाठी) वेगळा परवाना लागत नाही, पण परदेशी बंदरात जायचं तर लागतो. भारतात बोटीवरच्या रेडिओ उपकरणांचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो. दुबई किंवा सिंगापूरहून जुनं रडार सामानात घालून आणण्याआधी आयातीची आणि परवान्याची अट त्यांच्याकडूनच लेखी समजून घ्या. अनुक्रमांकाची पट्टी खरवडलेला डोम कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्याची कुठेच नोंद करता येत नाही.

डोम कुठे आणि किती उंच

सर्वात जास्त चुका इथे होतात, आणि त्या नंतर दुरुस्त करणं महाग पडतं.

पहिली चूक म्हणजे डोम माणसांच्या डोक्याच्या पातळीवर बसवणं. हौशी रडारची सरासरी शक्ती फार नसते. ४ किलोवॉटचा मॅग्नेट्रॉन (रडारच्या लहरी तयार करणारी नळी) ०.८ मायक्रोसेकंदाची स्पंदनं सेकंदाला ६०० वेळा सोडत असेल, तर सरासरी निघते जेमतेम २ वॉट. तरीही फ्लायब्रिजवर (केबिनच्या छतावरच्या उघड्या चालकजागेवर) अर्ध्या मीटरवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर झोत सतत फिरत ठेवायचं काही कारण नाही. सामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस मीटरला १० वॉट आहे, आणि ती कोणत्या अंतरावर ओलांडली जाते याचा तक्ता प्रत्येक मॅन्युअलच्या पहिल्या पानांवर असतो. ते अंतर टेपने मोजा. पुरेसं नसेल तर डोम वर न्या. ते शक्य नसेल तर मेनूतून त्या दिशेचा सेक्टर बंद करा, म्हणजे झोत तिथून जाताना प्रक्षेपण थांबतं. मात्र त्या बाजूला रडार आंधळं झालं, ही चिठ्ठी पडद्याशेजारी चिकटवा. उघड्या फिरत्या अँटेनाचा धोका वेगळाच असतो : तिचा दांडा हाताला किंवा डोक्याला लागू शकतो.

दुसरी चूक उलट दिशेची : जितकं उंच तितकं चांगलं असं मानणं. रडारचं क्षितिज साधारण २.२ गुणिले मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ, इतके सागरी मैल असतं. डोम ४ मीटरवर असेल तर ४.४ मैल, ९ मीटरवर नेला तर ६.६. फरक २.२ मैलांचा, पण वजन डोलकाठीवर चढतं, लाटांचे प्रतिध्वनी जास्त दुरून येऊ लागतात आणि जवळचा आंधळा पट्टा वाढतो. उभ्या दिशेत झोताची रुंदी सुमारे २५ अंश असते, म्हणजे आडव्या रेषेखाली साडेबारा. ४ मीटरवरच्या डोमचा झोत पाण्याला साधारण १८ मीटरवर टेकतो, ९ मीटरवरच्या डोमचा ४० मीटरवर. लहान होडीला ४ ते ५ मीटर पुरतात.

बसवण्याचा कोनही पाहा. वेगात पुढचं टोक ४-५ अंश वर उचलणाऱ्या मोटरबोटीवर डोम धक्क्यावरच्या पाण्यात सपाट दिसेल असा बसवला, तर धावताना झोताचा मध्य आकाशाकडे जातो. डोमखाली पुढे उतरती पाचर घाला. शिडाच्या बोटीवर २० अंश कल असताना वाऱ्याच्या बाजूचा झोत पाण्यावरून उठलेला असतो. म्हणून त्या बाजूची होडी पडद्यावर नसणं म्हणजे ती समुद्रात नसणं, असं समजू नका. कलानुसार सरळ राहणारा माउंट मिळतो. तो नसेल तर दाट धुक्यात शिडं कमी करून बोट सरळ करा आणि मग पाहा.

होकायंत्राचं अंतर बहुतेक जण विसरतात. मॅग्नेट्रॉनमध्ये कायमचा शक्तिशाली चुंबक असतो. मॅन्युअलमध्ये 'कंपास सेफ डिस्टन्स' दिलेलं असतं, मुख्य होकायंत्रासाठी एक आणि ऑटोपायलटच्या सेन्सरसाठी दुसरं. धक्क्यावर घट्ट बांधलेल्या बोटीत रडार बंद, स्टँडबाय आणि प्रक्षेपण अशा तिन्ही स्थितींत होकायंत्राचं वाचन लिहून घ्या. काटा हलला तर जागा बदला. जीपीएसची अँटेना आणि व्हीएचएफची काठी झोताच्या पातळीत ठेवू नका.

डोमला रंग देऊ नका. धातूची पूड असलेला रंग रडारच्या लहरी अडवतो, आणि ॲसिटोनने पुसलं तर कवच तडकतं. साबणाचं गोडं पाणी पुरे.

वायर बारीक, तक्रारी मोठ्या

'रडार अधूनमधून बंद पडतं', 'इंजिन चालू करताना रीस्टार्ट होतं' या तक्रारींचं मूळ बहुतेकदा विजेत असतं. हिशोब सोपा आहे. बॅटरीपासून रडारपर्यंत १० मीटर, जाऊन-येऊन २० मीटर. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध सुमारे ०.३५ ओहम, त्यातून ३ ॲम्पियर गेले तर जवळपास १ व्होल्ट वायरीतच हरवतो. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हाच तोटा ०.४२ व्होल्टवर येतो. आता १२ व्होल्टची बॅटरी ११.८ वर उतरली असेल, तर पहिल्या वायरीवरचं रडार १०.८ वर चालतंय.

रडार सर्व्हिस बॅटरीवर (उपकरणांसाठीच्या बॅटरीवर) घ्या, इंजिन चालू करणाऱ्या स्टार्टर बॅटरीवर नको. फ्यूज मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ॲम्पियरचाच आणि बॅटरीच्या टोकाजवळ बसवा. वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणारे वायर पेटवण्याची सोय करतात. व्होल्टेज रडारच्या कनेक्टरवर, प्रक्षेपण चालू असताना मोजा. स्विचबोर्डवरचा आकडा इथे कामाचा नाही. डोमची केबल मधेच कापून जोडू नका, आणि डेकमधून आत जाण्याआधी तिला खाली झुकणारा एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

बसवून झालं, पण जुळवलं नाही

नव्या रडारच्या दोन जुळवण्या समुद्रातच होतात, दुकानात होत नाहीत.

एक, दिशा. शांत, स्वच्छ दिवशी पाव मैलावरचा एकटा बोया किंवा नांगरलेली होडी निवडा आणि बोटीचं टोक डोळ्यांनी बरोबर तिच्यावर धरा. पडद्यावरचा ठिपका मधल्या रेषेवर हवा. नसेल तर 'हेडिंग अलाइनमेंट'मध्ये फरक भरा आणि उलट दिशेने येऊन पुन्हा तपासा. ३ अंशांची चूक एका मैलावर जवळजवळ १०० मीटरची होते. धुक्यात खाडीचं तोंड शोधताना ती परवडत नाही.

दोन, शून्य अंतर. सरळ धक्का किंवा भिंत शेजारी घेऊन पाव मैलाच्या पल्ल्यावर पाहा. भिंत पडद्यावर कमानीसारखी वाकलेली दिसली तर 'टायमिंग' किंवा 'रेंज ऑफसेट' ती सरळ होईपर्यंत बदला. मधला डाग घालवणारं सेटिंग मात्र जपून वापरा. ते वाढवलं की डागासोबत जवळच्या होड्याही जातात.

चार्टवर रडारचं चित्र तिरकं बसतं आणि लोक रडारला दोष देतात, तेव्हा खरा दोष हेडिंग सेन्सरचा असतो. जीपीएस सांगतं बोट कुठे सरकते आहे. तिचं टोक कुठे आहे हे ते सांगत नाही. भरतीच्या आडव्या प्रवाहात या दोन्हींत १५-२० अंशांचा फरक सहज पडतो. मार्पा (निवडलेल्या ठिपक्याचा आपोआप मागोवा घेणारी सोय) वापरायचं तर सेकंदाला सुमारे १० वाचनं देणारा सेन्सर लागतो. तो नसेल तर मार्पाच्या बाणांवर वळणाचा निर्णय घेऊ नका.

पाहतानाच्या चुका

गेन (रडारची संवेदनशीलता) कमी करून 'स्वच्छ' चित्र मिळवणं ही सर्वात धोक्याची सवय आहे. गेन इतका हवा की पडद्यावर विरळ ठिपके चमकत राहतील. समुद्राच्या लाटांचे प्रतिध्वनी दाबणारा 'सी क्लटर' बोटीभोवतीचा गोंधळ पूर्ण पुसेपर्यंत वाढवला, की लाकडी किंवा फायबरची छोटी होडीही पुसली जाते, कारण तिचा प्रतिध्वनी लाटेइतकाच असतो. थोडा गोंधळ राहू द्या. जो ठिपका दोन-चार फेऱ्यांत त्याच जागी पुन्हा उमटतो, ती वस्तू. जो नाहीसा होतो, ती लाट. कोकण किनाऱ्यावर मासेमारीची बंदी उठते तेव्हा पाऊस चालूच असतो, आणि रडारच्या ३ सेंटिमीटर लांबीच्या एक्स-बँड लहरी पावसात भरपूर विखुरतात. 'रेन क्लटर' सर आल्यावर वाढवा, सर गेल्यावर शून्यावर आणा. सरीच्या पलीकडे काय आहे ते दिसत नाही, हे धरूनच वेग ठरवा.

एकाच पल्ल्यावर बसून राहू नका. ६ मैल, मग ३, मग दीड, पुन्हा ६. लांब पल्ल्यावर स्पंदन लांब होतं आणि ०.८ मायक्रोसेकंदाच्या स्पंदनाला एकामागे एक असलेल्या, १२० मीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू एकच दिसतात. आडव्या दिशेत १८ इंची डोमचा झोत साधारण ५ अंशांचा, म्हणजे एका मैलावर १६० मीटर रुंद. चॅनेलचे १०० मीटर अंतरावरचे दोन बोये तिथून एक जाड पट्टी होतात. मुंबई बंदरात ही पट्टी एखाद्या बार्जची समजणं किंवा बार्ज बोया समजणं, दोन्ही घडू शकतं. जवळ जाऊन, छोट्या पल्ल्यावर ती फुटते का पाहा.

टकरीचा धोका ओळखायला दिशा मोजणारी ईबीएल रेषा आणि अंतर मोजणारं व्हीआरएम वर्तुळ ठिपक्यावर ठेवा आणि दर ३ मिनिटांनी पाहा. होकायंत्रावरची दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होतंय, तर धोका आहे असंच धरा. पडद्यावर ठिपका ६ मिनिटांत जेवढे मैल जवळ येतो त्याला १० ने गुणलं की जवळ येण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. दोन फेऱ्यांवरून निष्कर्ष काढू नका; अपुऱ्या रडार माहितीवर गृहीतकं बांधायची नाहीत, हे नियम ७ मध्येच लिहिलेलं आहे.

डॉप्लर रडारवाले लाल-हिरव्यावर फार विसंबतात. रंग ठरतो लक्ष्य आपल्याकडे येतंय की दूर जातंय यावरून. आडवी, सावकाश जाणारी बोट बेरंग राहते, आणि तिच्यावर जाऊन आदळणारे आपणच असू शकतो.

धुक्यात उजवी-डावी बाजू पाहून 'वाट त्याने द्यावी' हा हिशोब लागू नाही. नियम १९ नुसार, फक्त रडारवर दिसलेली बोट समोरच्या भागात असेल तर शक्य तोवर डावीकडे वळू नका; आपण मागून ओलांडत असलेली बोट तेवढी अपवाद. बाजूला किंवा मागे असलेल्या बोटीच्या दिशेनेही वळू नका. वळायचंच तर मोठं आणि एकदाच वळा, कारण ५-५ अंशांची वळणं समोरच्याच्या रडारवर कळतच नाहीत. समोरून धुक्याचा भोंगा ऐकू आला आणि टकरीचा धोका नाही अशी खात्री नसेल, तर वेग सुकाणू जेमतेम लागेल इतकाच ठेवा. १२ मीटरखालच्या बोटीलाही दर २ मिनिटांच्या आत काहीतरी जोरकस आवाज करावाच लागतो.

आणखी एक मुद्दा नव्या रडारबद्दल. काही कमी शक्तीची एफएमसीडब्ल्यू (स्पंदनांऐवजी सलग लहर सोडणारी) रडारं रेकॉन (बोयावरचं) किंवा सार्ट (बचावासाठीचं) या रडारला उत्तर देणाऱ्या उपकरणांना जागं करत नाहीत. जीवरक्षक तराफ्यावरच्या सार्टचे १२ ठिपके तुमच्या पडद्यावर दिसतील का, हे निर्मात्याला विचारून ठेवा. एआयएस (बोटींची ओळख आणि जागा रेडिओवरून सांगणारी यंत्रणा) असला तरी रडार लागतंच. ज्या होडीवर एआयएस नाही ती त्यावर कधीच दिसणार नाही.

बंद करणं आणि उघडणं

धक्क्याला लागताना आणि डिझेल भरताना स्टँडबाय. कोणी डोलकाठीवर चढणार असेल तर रडारचा फ्यूज काढून चढणाऱ्याच्या खिशात द्या आणि स्विचवर 'वर माणूस आहे' अशी पाटी लावा.

मॅग्नेट्रॉनवाल्या डोमच्या आत हजारो व्होल्ट असतात, आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. बाहेरचं कनेक्टर, केबल, फ्यूज आणि व्होल्टेज मालकाने तपासावं. कवच उघडण्याचं काम तंत्रज्ञाचं. अमेरिकेत ट्रान्समीटरच्या आतल्या दुरुस्तीसाठी रडारचा शेरा असलेला व्यावसायिक रेडिओ परवाना लागतो, त्याचं कारण हेच. तंत्रज्ञाला बोलावण्याआधी मेनूतले प्रक्षेपणाचे तास पाहा. मॅग्नेट्रॉन काही हजार तासांत थकतो. गेन पूर्ण वाढवूनही दूरचा, रोज दिसणारा किनारा फिका दिसू लागला आणि व्होल्टेज ठीक असेल, तर संशय त्याच्यावर घ्या. यासाठी नव्या रडारच्या पहिल्याच महिन्यात ओळखीच्या जागेवरून, ठरावीक पल्ल्यावर आणि ठरावीक गेनवर पडद्याचा एक फोटो काढून लॉगबुकात लावा, खाली तारीख, व्होल्टेज आणि तास लिहा, आणि दर हंगामात त्याच जागेवरून दुसरा काढा.